गाऱ्हाणं घातलेलं मशीन

मालवणात कोणाच्याही घरी नवा कॉम्प्युटर बसवायला आले की जयाभाई आधी नारळ मागत. फोडण्यासाठी नव्हे. नारळ मॉनिटरसमोर ठेवत, डोक्यावर रुमाल टाकत, घरातल्या सगळ्यांना, अगदी चुलीपाशी असलेल्या बाईलाही, बोलावून घेत आणि हात जोडून गाऱ्हाणं घालत. आमच्याकडे लग्न असो, जत्रा असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, आधी देवाला गाऱ्हाणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. पण कॉम्प्युटरला गाऱ्हाणं घालणारा माणूस मी तरी तो एकच पाहिला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात जो काय नवीन कंप्युटर इलो आसा, तेका लायटीच्या धक्क्यापासून, खाऱ्या वाऱ्यापासून आणि पोराटोरांच्या बोटांपासून सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"खंयचो वायरस-बियरस आत येवक बघीत, तर तेका येशीभायर अडवून ठेय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग बटण दाबत. पडदा उजळला की रुमाल खिशात घालत आणि घरमालकाला सांगत, "आता ह्या मशीन माज्या नावार. काय झाला तर देवाक विचारू नकात, माका विचारा." लोक हसत, पण हे शेवटचं वाक्य ते गंमतीने म्हणत नसत. स्वतः जोडलेलं आणि दुकानात तीन दिवस चालवून पाहिलेलं मशीन असेल तरच ते गाऱ्हाणं घालत. बाहेरून आणलेला कॉम्प्युटर दुरुस्त करून देत, मात्र नारळ मागत नसत. कोणी फारच आग्रह केला तर म्हणत, "दुसऱ्याच्या पोराचा बारसा मी कशाक करू?"

जयाभाई, म्हणजे जयवंत, मूळचे तारकर्लीचे. घर मासेमारीचं, आणि हे बोटीत पाय ठेवला की आडवे. दर्यावर जगणाऱ्या घरात बोट लागणारा मुलगा निघाला, यावर गावाने किती वर्षं करमणूक करून घेतली असेल कोण जाणे. शेवटी आईनेच त्यांना मुंबईला धाडलं. तिथे दहा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करून १९९९ साली ते परत आले आणि मालवणात बर्फाच्या फॅक्टरीला लागून एक गाळा घेतला. गाळा स्वस्त होता, कारण त्याची भिंत बारा महिने ओली असे. कॉम्प्युटरच्या दुकानाला याहून वाईट जागा शोधून सापडली नसती. सुटे भाग ठेवायच्या कपाटात ते रात्रंदिवस एक बल्ब जळता ठेवत, दमट हवेला उतारा म्हणून. परत का आलात, असं विचारलं तर सांगत, "आवस एकटी आसा. आणि मुंबईत माका कोण हाक मारी नाय, सगळे नुसते बोलवतत." त्यांची आई मालवणच्या बाजारात मासळी विकायची, आणि माझ्या आईची ती ठरलेली कोळीण होती.

२००५ साली मला दहावीला शहाऐंशी टक्के पडले आणि बाबांना कॉम्प्युटरचा शब्द पाळावा लागला. बाबा ओरोसला सरकारी कचेरीत होते. घराची कौलं काढून पत्रे घालायचे म्हणून साठवलेल्या पैशांतले पंचवीस हजार त्यांनी काढले आणि मला जयाभाईंकडे नेलं. "अभ्यासाक व्हयो," बाबांनी सांगितलं. मी मान हलवली. मुंबईला मामाकडे माझ्या मामेभावाच्या, मंदारच्या, कॉम्प्युटरवर मी मे महिनाभर गाड्या पळवल्या होत्या आणि माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. बाबा चहा सांगायला बाहेर गेले तशी जयाभाई हळूच म्हणाले, "अभ्यासाचो कंप्युटर ह्याच्या अर्ध्या पैशात होता गो. खरा काय ता सांग."

"गेम खेळूचे आसत," मी म्हटलं.

"मगे असा सांग ना. ता कठीण काम. त्याका डोक्या लावूक व्हया." आणि त्यांचा चेहरा असा खुलला की बस. आख्ख्या मालवणात खेळण्यासाठी कॉम्प्युटर मागणारं पहिलंच गिऱ्हाईक, आणि तेही मुलगी!

त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून यादी लिहायला घेतली. मी मंदारकडून लिहून आणलेला कागद पुढे केला. त्यावर सगळ्यात वर एक भलंमोठं ग्राफिक्स कार्ड होतं. त्याच्या खाली जे उरेल ते. जयाभाईंनी तो कागद वाचून बाजूला ठेवला. दर्यावरच्या घरातला माणूस, पण बोलत मात्र कायम पंगतीच्या भाषेत. "ही बग पंगत," ते म्हणाले. "प्रोसेसर, मेमरी, कार्ड, सगळे एका पानार बसतत. एकाच्या पानात ढीगभर वाढलंस आणि शेजारचो उपाशी ऱ्हवलो, तर ती पंगत उठना नाय. कार्ड मोठा घेतलंस नि प्रोसेसर ल्हान, तर कार्ड नुसता बसान ऱ्हवतला. आणि ह्या तुज्या कार्डाच्या खोक्यार आकडो मोठो आसा, काम ल्हान आसा."

मग त्यांनी यादीत एका वस्तूवर गोल केला. एसएमपीएस. विजेच्या प्रवाहाचे वाटे करून प्रत्येक भागाला पोचवणारा लोखंडी डबा. कॅबिनेटबरोबर एक स्वस्तातला मिळतोच, तर हे वेगळा, चांगला, चौपट किमतीचा घ्यायला सांगत होते. त्या फरकात माझं मोठं कार्ड आलं असतं.

"त्येना गेम बरो दिसतलो?" मी कुरकुरले.

"दिसना नाय. ह्यो वाढपी. वाढपी बरो असलो तर कोणाच्या ध्यानात येना नाय. वायट असलो, तर आमटी अंगार सांडता." आणि गोल आणखी गडद केला.

तीन संध्याकाळी आम्ही ती यादी जुळवत बसलो होतो. रंगीत दिव्यांचं कॅबिनेट त्यांनी खोडलं. "शोभेक पैशे नाय." मॉनिटर मात्र मोठा ठेवला, कारण डोळे माझे आणि ते बदलून मिळत नाहीत. बाबांसमोर ते मला विचारत, "काय इंजिनेरीणबाय, मेमरी वाढवूया का हार्डडिस्क?" आणि माझं उत्तर येईपर्यंत खरोखर थांबत. मला तोवर कोणी काही विचारून थांबलं नव्हतं. सामान मुंबईहून रेल्वेने आलं. जयाभाई कुडाळ स्टेशनावर जाऊन ते घेऊन आले आणि मॉनिटर एसटीत मांडीवर धरून मालवणपर्यंत आणला. जोडल्यावर तीन दिवस मला दुकानात बोलावून गाड्या पळवायला लावलं. मी खेळत होते आणि ते मागे बसून कॅबिनेटला हात लावून, तापतंय का, हे बघत होते. चौथ्या दिवशी आमच्या घरी नारळ मांडला गेला आणि बाबांनीही, कचेरीतला माणूस असून, मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं.

चतुर्थीला मंदार गावी आला आणि माझं मशीन बघून त्याने नाक मुरडलं. त्याचं जुनं मोठं कार्ड बॅगेतच होतं. त्याला नवं, त्याहून मोठं घ्यायचं होतं आणि ते पेलणारा एसएमपीएस हवा होता. नवं येईपर्यंत चालवायला तुझं मध्यम ताकदीचं कार्ड आणि तो चांगला एसएमपीएस दे, मी तुला हे मोठं कार्ड देतो, असा सौदा त्याने मांडला. एसएमपीएसच्या जागी कॅबिनेटबरोबर आलेला स्वस्तातला डबा पोटमाळ्यावर पडून होताच. मी थोडी कचरले. मला गोल आठवत होता. पण मग मी जे म्हटलं ते आज लिहितानाही लाज वाटते. मी म्हटलं, "चलात. गाऱ्हाणा घातलेला आसा, काय होवचा नाय." म्हणजे माझ्या लेखी देवाने मशीन राखायचं कबूल केलं होतं, आत वाढपी कोण, याच्याशी त्याला काय करायचं होतं? बाबा पूजेत आणि आई मोदकांत असताना मंदारने पंधरा मिनिटांत अदलाबदल केली. खोटं कशाला बोलू, पुढचे चार महिने मी स्वर्गात होते. गेममधल्या रस्त्यावर पडलेल्या पावसात गाडीचे दिवे दिसायचे.

त्याच हिवाळ्यात आमच्या शाळेने कॉम्प्युटरची खोली करायची ठरवलं. वीस मशीनं. बाबा शाळेच्या कमिटीवर होते आणि जयाभाईंचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. जयाभाई आमच्या ओटीवर बसून बाबांना यादी वाचून दाखवत, आणि मधेच म्हणत, "भाऊनू, ह्या काम झाला तर बाजारात सुको गाळो घेतंय. नाय झाला तर ह्या वल्या भिंतीत आणखी एक पावस काय काढूक जमाचा नाय. मगे परत मुंबई." त्यांची आई माझ्या आईला बांगडे मोजून देताना म्हणे, "झील आता हयच ऱ्हवतलो गो बाय." सगळं ठरल्यासारखंच होतं. फक्त शनिवारी कमिटीची मीटिंग व्हायची होती.

त्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी माझ्या कॅबिनेटमधून फट् असा आवाज आला आणि रबर जळाल्यासारखा वास घरभर पसरला. मागून धूर. बाबांनी धावत येऊन मेन स्विच पाडला. पत्र्यांचे पैसे जळताना बघत ते तसेच उभे राहिले. बाबा घरात मालवणीच बोलत, पण संतापले की कचेरीतलं मराठी बोलू लागत. "बोलाव त्याला," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता बोलाव."

जयाभाई सायकलवरून आले. चार स्क्रू काढून त्यांनी कॅबिनेट उघडलं, बॅटरीचा झोत आत टाकला आणि एकेका भागावरून फिरवला. आत त्यांचा वाढपी नव्हता. त्यांचं कार्ड नव्हतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दाराची चौकट धरून उभी होते.

"काय झालं? सांगा ना," बाबा म्हणाले. "चार माणसांत शब्द टाकलाय मी तुमच्यासाठी. सात महिने नाही टिकलं तुमचं मशीन."

"मशीन माज्या नावारचा आसा, भाऊनू," जयाभाई म्हणाले. "मी भरून देतंय."

एवढंच. जळलेला डबा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळला. मी त्यांच्यामागून पायऱ्यांपर्यंत गेले. सायकलला पिशवी अडकवत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "गो बाय, शनवारी मिटिंग आसा. तेच्या आदी बापाशीक सांग. माज्या तोंडान सांगलंय तर तेका वाटतला, ह्यो पोरीवर ढकलता. तू सांगलंस तर तेका पटात."

"सांगतंय," मी म्हटलं.

बुधवारची रात्र गेली. गुरुवारी बाबा घुश्शात होते, म्हणून नको. शुक्रवारी ते चांगल्या मूडमध्ये होते, तर आता कशाला बिघडवा, म्हणून नको. शनिवारी सकाळी ते शर्टाला इस्त्री करत होते आणि मी पाठीमागे दोनदा तोंड उघडून मिटलं. कॉलेज बंद करतील, मारतील, असली कारणं मी नंतर मनाशी पुष्कळ रचली. खरं म्हणजे मला फक्त त्या एका मिनिटाची भीती वाटत होती, ज्या मिनिटात बाबा माझ्याकडे बघतील.

दुपारी बाबा परतले ते कर्तव्य बजावल्याच्या चेहऱ्याने. आईला सांगू लागले, "मीच नाव मागे घेतलं. सर्वांसमक्ष सांगितलं, हा माणूस देवाच्या नावाखाली हलका माल खपवतो. चोरीच आहे ती एक प्रकारची."

"आणि तो काय म्हणाक लागलो?" आईने विचारलं.

"समोरच बसला होता. काही बोलला नाही. बोलणार काय?"

काम कुडाळच्या कोणाला तरी मिळालं. आठवड्याभराने जयाभाईंनी येऊन माझं मशीन भरून दिलं, स्वतःच्या खर्चाने, पुन्हा तसाच चांगला एसएमपीएस घालून. वायरी जोडल्या, बाबांना चालू करून दाखवलं आणि निघून गेले. त्या वेळी त्यांनी नारळ मागितला नाही. आमच्या घराची बातमी मालवणभर व्हायला किती वेळ लागणार? गाऱ्हाण्यावरून लोक आधी प्रेमाने हसत, आता तोंडावर हसू लागले. "काय जयाभाई, म्हाराजान आयकला नाय काय?" असं फॅक्टरीतला बर्फवालासुद्धा विचारू लागला, असं मी ऐकलं. कॉलेजला जायची माझी वाट त्या दुकानावरून होती. ती सोडून मी फॅक्टरीच्या मागच्या चिखलातून जायला लागले. मे महिन्याच्या शेवटी दुकानाला कुलूप लागलं आणि जयाभाई मुंबईला गेल्याचं कळलं.

त्यांची आई बाजारात बसतच राहिली. आईबरोबर मी गेले की म्हणायची, "काय शिकतंस गो आता?" आणि टोपलीतला एक बांगडा वर टाकायची. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तो बांगडा मला जेवताना गिळवत नसे.

तीन वर्षं गेली. मी इंजिनिअरिंगला होते. लोक म्हणत, गुणी मुलगी. एका रविवारी बाबांचे कचेरीतले एक स्नेही आमच्याकडे बसले होते. त्यांच्या मुलाला कॉम्प्युटर घ्यायचा होता. बाबा म्हणाले, "माणूस बघून घ्या. आमच्याकडे एक जयवंत म्हणून होता..." आणि त्यांनी ती सगळी हकिकत, आता चांगली घोटून घोटून रंगलेली, सांगायला घेतली. स्नेही हसत होते. मी तिथेच बसले होते, चहाचा ट्रे घेऊन. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, पण निघालं. सगळं. मंदार, सौदा, पायऱ्यांवरचं बोलणं, शनिवार.

पाहुणे घाईने उठून गेले. बाबांनी माझ्या हातातला ट्रे काढून खाली ठेवला. मी कचेरीतल्या मराठीची वाट बघत होते. पण ते हळू आवाजात, मालवणीतच म्हणाले, "मी तेका चार माणसात चोर म्हटलंय गो." मग म्हणाले, "माका सांगून काय होतला? जा, तेका सांग. मगे मी येतंय."

पत्ता जयाभाईंच्या आईकडून घेतला. मुंबईतल्या एका इमारतीच्या तळघरात दुरुस्तीचं दुकान होतं. ओळीने सात-आठ माणसं टेबलांशी वाकून बसलेली, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे शर्ट. जयाभाईंचे केस कानांवर पांढरे झाले होते. मला बघून ते आधी खुलले, "इंजिनेरीणबाय!" म्हणाले, स्वतःचं स्टूल मला दिलं आणि आपण खोक्यावर टेकले. मी रडत रडत जे काय सांगायचं ते सांगितलं. बाबांना सांगितल्याचंही. बाबा येऊन हात जोडणार आहेत, शाळेत पत्र देणार आहेत, असं सगळं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"पत्र-बित्र नको," ते म्हणाले. "त्या मशीनी आता जुन्यो झाल्यो असतल्यो."

"तुमका माजो राग नाय इलो?"

"राग कसलो? सोळा वर्सांचा चेडू तू. भियालंस, ता माका त्याच दिसा दिसला." त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला. "पण एक सांगतंय, आता इलंस म्हणान. मिटिंग झाल्यार मी दुकान चार म्हयने उघडा ठेवलंय ना, ता गिऱ्हाईक येयत म्हणान नाय. गिऱ्हाईक खंय येतला? तू येतलंस म्हणान. तू फॅक्टरीच्या पाठसून जायस, ता माका खिडकेतसून दिसायचा. रोज मनात वाटायचा, आज नाय, उद्या येयत. मगे पावस तोंडार इलो."

आतून मालकाने "जयवंत" म्हणून बोलावलं आणि ते उठले.

मालवणातल्या त्या ओल्या भिंतीच्या दुकानापासून आमचं घर चालत सात मिनिटांवर होतं.